प्रकाशाचा पाट

ती. आबा,

नेदरलँड्सहून भाविकाचा वाकून नमस्कार.

फोनवर तुम्ही "बरं शे ना?" एवढंच विचारून फोन आईकडे देता, म्हणून पत्र. बठ्ठं बेस शे, अगदी सगळं! जेवण वेळेवर होतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मात्र अजून गोल होत नाही. तुमचा गुडघा कसा आहे?

माझं काम म्हणजे नखाएवढ्या चिपवर प्रकाशासाठी पाट आखणं. आधी कॉम्प्युटरवर चालवून बघायचं, मग बनवायला पाठवायचं. सोमवारी पाठवायची मुदत होती आणि माझा प्रकाश वाटेतच गळत होता. दोन दिवस आकडे तपासले. शेवटी नकाशा मोठा करून बघितला, तर हसूच आलं. जागा वाचवायला मी पाट एकदम आवळून वळवला होता!

आपल्या केळीतही मी हेच केलं होतं, आठवतं? तेव्हा ठिबक नव्हतं. एक खोड जास्त बसावं म्हणून मी पाट काटकोनात वळवला आणि पाणी बांध फोडून गेलं. तुम्ही रागावला नाहीत. फावडं माझ्याच हातात देऊन म्हणालात, "पानीले वयाले जागा दे, पोरी."

इथंही मी वळायला जागा दिली, वळण ऐसपैस केलं. प्रकाश मुकाट्यानं शेवटपर्यंत गेला. आमच्या गटाच्या मॅडमनी विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हटलं, चोपड्याला, आमच्या केळीत.

आपला धाकटा हितेंद्र कॉलेज सोडून केळीची रोपवाटिका काढायचं म्हणाला, तेव्हापासून तुम्ही त्याच्याशी बोलत नाही, असं आईकडून कळलं. आबा, त्याच्याही हातात फावडं द्या ना. आणि मला म्हणालात, तेच त्याला म्हणा.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
भाविका