दीड इंच उंची आणि सोमवारच्या गोळ्या

बारामती,
सोमवार, दुपार

प्रिय सावळाराम यास,

तीर्थस्वरूप लिहावं तर तू माझ्याहून चार महिन्यांनी धाकटा, चिरंजीव लिहावं तर तुझ्या डोक्यावर उरलेले केस मला तोंडपाठ आहेत, तेव्हा नुसतं सावळाराम. रमजान शिलाईवाल्याचा सलाम आणि रामराम दोन्ही घे, जो कमी पडेल तो दुसऱ्यानं भरून काढ. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. सरुवहिनींचा गुडघा काय म्हणतो? पेरूंना फोमच्या जाळ्या लावून झाल्या का? आणि तुझा तो कोंबडा अजून माणसांच्या अंगावर धावतो, की कुणी त्याचा निकाल लावला? फोन का केला नाही म्हणशील, तर तुझा फोन कायम स्पीकरवर असतो. मागच्या वेळी मी बद्धकोष्ठाची तक्रार सांगितली (औषधामुळे होतं) आणि पलीकडून पेरू तोडणाऱ्या आठ बायकांनी आठ उपाय सांगितले. (त्यातला भामाबाईंचा लागू पडला, त्यांना सांग.) म्हणून हा कागद. गुरुवारी आमचा मेहुणा अल्ताफ भिगवणहून मासळीचा टेम्पो घेऊन तुमच्या निरवांगीच्या बाजूला येतो, त्याच्या हाती देईन. वास येईल, चालवून घे.

मुद्दा आधी सांगतो, कारण तू पत्राचं पहिलं पानच वाचतोस. शुक्रवारी वहिदा तुला फोन करणार आहे. डॉक्टर म्हणतात मी मोठ्या उपचाराला पुण्याला जावं, वहिदा म्हणते जायचं, मी म्हणतो नाही जायचं. दोन आठवडे घरात हेच चाललंय. शेवटी ती म्हणाली, "सावळाभाऊ सांगतील तसं." (तिच्या अब्बांना आमच्या लग्नाला तूच राजी केलं होतंस, तेव्हापासून ती तुला वकील समजते.) तर तू एवढंच म्हणायचं, "भाभी, रमजान म्हनतोय ते बरोबर हाय." जास्त बोलू नकोस, तू जास्त बोललास की खरं बोलतोस. का म्हणायचं, ते सविस्तर सांगतो.

तुला माहीत आहे, जुन्या गिऱ्हाइकांची मापं मी वहीत लिहीत नाही. माझं अंग हीच माझी वही. पिंपळीच्या दादासाहेबांचा नेहरू शर्ट म्हणजे माझ्या खांद्याला लावून गुडघ्याखाली चार बोटं, तुझा म्हणजे बरोब्बर गुडघ्यावर. (तू माप देताना पोट आत घेतोस ते धरून.) पस्तीस वर्षं यात चूक झाली नाही. गेल्या दिवाळीपासून मात्र गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली की शर्ट आखूड येतो. मी आधी कापडाला बोल लावला, मग धोब्याला, मग वहिदाच्या इस्त्रीला. दादासाहेब तर शर्ट घालून भर दुकानात उभे राहिले आणि म्हणाले, "रमजानभाई, मी नेहरू शर्ट टाकला व्हता, पोलकं न्हाय." मी त्यांना समजावलं की पोट वाढलं की कापड पुढून वर चढतं, त्यात शिंप्याचा काय दोष? (त्यानंतर तीन महिने ते दुकानात आले नाहीत. पोट मात्र खरंच वाढलंय.) शेवटी अल्फियानं, माझ्या लेकीनं, मला भिंतीशी उभं करून टेप लावली. लग्नातल्या शेरवानीच्या वेळी मी पाच फूट सहा इंच होतो, आता भरलो पाच फूट साडेचार. मी म्हणालो, टेप जुनी झाली की ताणते आणि ताणलेली टेप माप कमी दाखवते, एवढं शिंप्याच्या लेकीला कळायला हवं. नवी टेप आणली. तिनंही तेच सांगितलं. म्हणजे अख्खी पिंपळी होती तेवढीच होती आणि मीच आखूड झालो होतो.

पाठ दुखत होतीच, पण मशीनवर वाकून बसणाऱ्याची पाठ दुखणार नाही तर काय नाक दुखणार? मग एक दिवस वहिदानं मिरचीची फोडणी दिली, मला शिंक आली आणि बरगडीत कट्‌ असा आवाज झाला. शिंकेनं बरगडी मोडलेला माणूस तू पाहिला आहेस का? हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला, फोटो बघून रक्त तपासायला सांगितलं, रक्त बघून रक्ताच्या डॉक्टरांकडे धाडलं, आणि त्यांनी कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला. (तू नळी चोखणारा माणूस आहेस, समजून घे.) मग नाव सांगितलं, मल्टिपल मायलोमा. हाडाच्या मगजात रक्ताच्या पेशी तयार होतात, त्यातली एक जात माजली आहे आणि हाडं पोखरते आहे. म्हणजे कॅन्सरच. मणके खचले म्हणून उंची गेली. अल्फिया रडली. वहिदा रडली नाही, तिनं डॉक्टरांना विचारलं, "ह्यांनी शिवलेलं कापड दुसऱ्यानं घातलं तर त्याला काय व्हत न्हाय ना?" ती बाई घाबरली की तिला आधी गिऱ्हाइकाची काळजी लागते. मी घरी आलो आणि दोन्ही टेपा गुंडाळून डब्यात ठेवल्या. त्या दिवशी मी घाबरलो होतो सावळ्या, तुला खोटं कशाला सांगू. आता नाही घाबरत.

उपचार सुरू करायला गेलो, तर पहिल्यांदा कुठं धाडावं? दाताच्या डॉक्टरकडे! हाडं मजबूत करायचं सलाईन देण्याआधी दात तपासावे लागतात म्हणे, नाहीतर पुढे जबड्याला त्रास होतो. पाठदुखीसाठी गेलेला मी दोन दाढा देऊन घरी आलो. अल्ताफ भेटायला आला, माझा सुजलेला गाल बघून दारातच थांबला आणि म्हणाला, "दाजी, दुखणं पाठीत हाय म्हनत व्हते ना?" त्याला समजावून सांगायला मला तोंड उघडता येईना, म्हणून तो गावभर सांगत सुटला की आजार वर सरकतोय. मग प्रोटीनची भानगड. रिपोर्टमध्ये प्रोटीनच्या आकड्यापुढे वर जाणारा बाण होता. वहिदाचं शास्त्र सरळ आहे, साखर वाढली की साखर बंद, बीपी वाढलं की मीठ बंद, तसं प्रोटीन वाढलं की प्रोटीन बंद. डाळ गेली, अंडी गेली, मटण गेलं, अल्ताफनं उजनीची ताजी चिलापी आणली ती शेजारी गेली आणि तिचा वास तेवढा आमच्याकडे राहिला. तीन आठवडे मी दोडका आणि भाकरीवर काढले. चार किलो वजन उतरलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं काय खाता, आणि ऐकून कपाळाला हात लावला. ते प्रोटीन त्या माजलेल्या पेशी बनवतात, त्याचा डाळीशी काही संबंध नाही. (घरी आल्यावर वहिदानं सहा अंडी उकडून ताटात ठेवली आणि समोर बसून राहिली. मी पाच खाल्ली. सहावं तिला खायला लावलं, कारण त्या तीन आठवड्यांत तीही दोडकाच खात होती.)

आता औषधं. रोज एक कॅप्सूल, तीन लिटर पाणी, दर सोमवारी पोटाच्या कातडीत एक इंजेक्शन, आणि सोमवारीच सकाळी नाश्त्यावर एकदम दहा गोळ्या, स्टेरॉइडच्या. अरे, काय गोळ्या आहेत त्या! दुपारपर्यंत अंगात असं वारं शिरतं की दुकान अपुरं पडतं. पहिल्या सोमवारी मी रिक्षा करून तडक पिंपळीला गेलो, दादासाहेबांची दोन तास माफी मागितली, त्यांचे सात आखूड शर्ट गोळा केले, दोरीवर वाळत असलेले शेजाऱ्याचे दोनही उचलले (ते मी शिवलेलेच नव्हते) आणि संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ उसवून टाकले. मग लक्षात आलं की लांब करायला खाली दुमडीत कापडच सोडलेलं नाही. दुसऱ्या सोमवारी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. वहिदानं सवयीनं हात घातला आणि शिऱ्यात मीठ पडलं. तेव्हापासून सोमवारी मला चुलीकडे बंदी आहे. तिसऱ्या सोमवारी डॉक्टरांच्या पँटची शिलाई कुठं चुकली आहे ते त्यांना वीस मिनिटं समजावलं, बाहेर अकरा पेशंट बसलेले. भला माणूस, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रमजानभाई, गोळ्या पोचल्या म्हणायच्या."

आणि पोचल्याच आहेत. तीन महिन्यांत त्या नाठाळ प्रोटीनचा आकडा तिसऱ्या हिश्शावर आला. आज सकाळपासून मी चार शर्ट कापले, एकाची कॉलर लावली, समोरच्या मेडिकलवाल्याशी विनाकारण वाद घातला आणि हे पत्र लिहितोय. आजारी माणूस असा असतो का? मग पुण्याला कशाला? डॉक्टरांचं म्हणणं असं की हा आजार मुळातून जात नाही, पण दाबून ठेवता येतो. औषधांची अजून एक फेरी झाली की पुण्याला माझ्याच रक्तातून मूळ पेशी काढून ठेवायच्या, जबर औषध देऊन मगज साफ करायचा आणि माझ्याच पेशी मला परत द्यायच्या. मग आजार बरीच जास्त वर्षं दबून राहण्याची आशा असते. आता तूच सांग, गिऱ्हाइकाचं कापड घेऊन तेच कापड तीन आठवड्यांनी त्याला परत देणाऱ्या शिंप्याला आपण काय म्हणू? वर केस जाणार, दाढी जाणार, तोंड येणार, आणि तीन आठवडे एका बंद खोलीत, भेटायला कुणी यायचं नाही. लग्नसराई तोंडावर आली आहे, दुकान कोण बघणार? मला काही झालेलं नाही. थोडा आखूड झालोय एवढंच.

तेव्हा शुक्रवारी ठाम राहा. वहिदा रडली तरी ठाम राहा. (ती रडणार नाही, ती गप्प बसेल, ते जास्त वाईट असतं.) सरुवहिनींना सलाम, तुझ्या पोराला, शिवमला आशीर्वाद, आणि कोंबड्याला जे काही लांबूनच.

तुझा, बाकी सगळा शाबूत असलेला,
रमजान

ता. क. (मंगळवार) वारं अजून उतरलेलं नाही. सकाळी दुकानाचं शटर रंगवायला घेतलं, अर्धं झालंय. रंगवताना आठवलं की तुझा निळा शर्टसुद्धा मी त्याच काळात शिवला होता. म्हणजे तोही आखूड आहे. तू तो घालून दोन लग्नं आणि एक साखरपुडा केलास आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस. मूर्खा, पाठवून दे तो.

ता. क. (बुधवार) आज जास्त लिहीत नाही. वारं गेलं. पायाची बोटं बधिर झाली आहेत, पाय मशीनच्या पायडलवर आहे की जमिनीवर हे वाकून बघावं लागतं. सकाळी कापलेल्या दोन्ही बाह्या उजव्याच निघाल्या. शटर अर्धंच राहिलंय.

ता. क. (गुरुवार, अल्ताफ बाहेर हॉर्न वाजवतोय) सावळ्या, सोमवारी लिहिलं ते मी फाडून टाकणार होतो, पण पुन्हा लिहायचं बळ नाही, म्हणून तसंच पाठवतो. ते गोळ्यांनी लिहिलंय. दुकानाच्या दोन पायऱ्या चढायला आज मला अल्फियाचा खांदा लागला. मला भीती वाटते. केसांची नाही, सुईची नाही. त्या खोलीचं दार लावून घेतील आणि आत मी एकटाच असेन, त्याची वाटते. आणि मला अजून पुष्कळ वर्षं जगायचंय रे, हे बायकोपुढे म्हणायला जीभ रेटत नाही, कारण मग ती रडेल.

आज सकाळी तपासणीचं रक्त द्यायला दवाखान्यात गेलो होतो, तेव्हा काउंटरवरून पुण्याचा फॉर्म मागून घेतला आणि सही केली. घरात कुणाला सांगितलेलं नाही. तिथं कळलं की खोलीत सोबतीला एकच माणूस राहू शकतो, पण पूर्ण वेळ राहायला हवा. वहिदाला तिच्या जुन्या खोकल्यामुळे आत सोडणार नाहीत, अल्फियाची परीक्षा आहे. त्या जागी मी तुझं नाव घातलं. न विचारता घातलं. नातं काय म्हणून विचारलं, मी भाऊ सांगितलं. काउंटरवरच्या सोनमनं दोन्ही नावं वाचली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. तीन आठवडे पेरू शिवम बघेल, तुझ्यापेक्षा बराच बघेल.

फॉर्म याच पाकिटात आहे. फुली केली आहे तिथं सही कर आणि तुझ्या घरीच ठेव, इकडे पाठवू नकोस, पुण्याला निघताना घेऊन ये. शुक्रवारी वहिदाला "जायचं" एवढंच सांग. आणि सोमवारी दुपारी मी रिक्षा करून निरवांगीत येईन, फॉर्म परत मागेन, भांडेन, तुला वाट्टेल ते बोलेन. चहा पाज, जेवू घाल, पण फॉर्म देऊ नकोस.