पट्टा सापडला, कॅमेरा नाही

१७ जून, मंगळवार दुपार

चि. बाळ्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. ह्यांच्या गुडघ्याची कुरकुर चालू आहे, टाकी गळते आहे आणि कन्या अभ्यासाच्या नावाखाली आयतं खाते आहे. तुझं इंग्रजीचं पुस्तक तिनं आणलं. कागद छान, बांधणी भक्कम. मागचा तुझा फोटो मात्र अगदीच पासपोर्टछाप. बाबांनी काढला असता तर तुझी मान जरा वळवली असती.

बरं, ख्यालीखुशाली झाली. आता कान इकडे कर.

एका प्रकरणात तू मुलांना शिकवतोस की एव्हिडन्सचं अनेकवचन करू नये, सुटा सांगायचा तर 'पीस' म्हणावा. आणि एव्हिडन्स कितीही साठला तरी आपोआप त्याचं प्रूफ होत नाही. पटलं. पण उदाहरणं? 'कॅमेरा नाहीसा झाला होता.' मग, 'दे फाउंड अ पीस ऑफ एव्हिडन्स इन हिज सिस्टर्स बॅग.' आणि शेवटी, 'द स्ट्रॅप प्रूव्ह्ड दॅट शी हॅड टेकन इट.' अरे, जगात चोरांचा दुष्काळ पडला होता का? बँक लुटायचीस, राजवाडा लुटायचास. सख्खी बहीणच सापडली!

आणि वर स्वतःचाच नियम मोडलास. एका पट्ट्यावर थेट निकाल! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

परवा जेवताना कन्येनं ते पान माझ्यापुढे धरलं.

"आई, ही मामाची बहीण म्हणजे तूच ना?"

"त्याला दुसरी कुठून येणार?"

"मग आजोबांचा कॅमेरा तू घेतला होतास?"

"नाही."

"बरं," म्हणाली आणि पाण्याचा ग्लास पुढे ओढला. तिच्यापुरतं संपलं. माझं मात्र संपेना. पोरीनं जेवता जेवता जे विचारलं, ते तुला इतक्या वर्षांत विचारता आलं नाही?

बाबा गेल्यावर तू स्टुडिओतलं कपाट उघडलंस. कॅमेरा नव्हता आणि माझ्या पिशवीतून त्याचा पट्टा लोंबत होता. तू पट्ट्याकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "राहू दे, ताई." केवढा तो मोठेपणा! चोराला माफ करतात तसा तू मला माफ करून मोकळा झालास. त्यापेक्षा कचाकचा भांडला असतास तर बरं झालं असतं.

बाबांना शब्द दिला होता, म्हणून गप्प बसले. आता माझी लेक ते पान वाचते आहे, तिच्या मैत्रिणी वाचतात. आता नाही बसणार.

बाबांच्या शेवटच्या उन्हाळ्यात ते गॅलरीत माझा फोटो काढत होते. "हनुवटी वर," म्हणाले. पण हात एवढे थरथरत होते की बटण दाबता येईना. कॅमेरा सुटला, कठड्यावर आपटला आणि खाली फरशीवर पडला. मी धावत जाऊन तुकडे वेचून आणले. बाबा हात मांडीखाली दडवून बसले होते. जन्मभर लोकांची लग्नं टिपलेले हात, बाळ्या. म्हणाले, "बाळ्याला कळू देऊ नकोस. मी बरा होऊन स्टुडिओ उघडणार, असं वाटतंय त्याला." तुकडे मी टाकून दिले. पट्टा टाकवेना. त्याला त्यांच्या मानेचा घामट वास होता, म्हणून ठेवला.

तू भेटायला यायचास तेव्हा त्यांचे हात चादरीखाली असायचे. "थंडी वाजते," म्हणायचे. ऐन उन्हाळ्यात! तेव्हा तुला काहीच कसं दिसलं नाही? की पुरावा फक्त माझ्याच पिशवीत शोधायचा असतो?

दुसरी आवृत्ती निघते आहे म्हणे. ती वाक्यं काढून टाक. चोर हवाच असेल तर पिशवी तुझी घाल.

आणि 'पट्टा पाठव, बघतो' असं लिहू नकोस. पट्टा मिळणार नाही. तुकडे केव्हाच गेले, बाबा गेले, पाहणारं कुणी नव्हतं. माझ्याजवळ फक्त माझं सांगणं आहे. तुझ्या नियमानं ते कशात बसतं, मला ठाऊक नाही. फोन कर आणि तेव्हा जे विचारायचं होतंस ते आता विचार. उत्तर एका शब्दाचं आहे. ते ऐकून 'बरं' म्हणता येतंय का, तेवढं बघ.

पुराव्यावाचून तुझीच,
ताई