दातात धरायची दांडी

बाबा, काल लाखनीला आपल्या धाकटीकडे जाऊन आले आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तिच्या पिठाच्या चक्कीची मोटर कुरकुर करत होती. तिनं स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवलं, मूठ दातात धरली, दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळे मिटले. साठी उलटलेली बाई, भुवयांवर पीठ, आणि चेहरा हुबेहूब तुमचा. शेजारचा टायरवाला मला कौतुकानं सांगतो, "मोटरचा डाक्टर हाय आमची बाई. नुसतं आयकून सांगते." मी हसले. मी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं, घन पदार्थातून आवाज चांगला जातो हे दरवर्षी फळ्यावर लिहिलं, पण माझ्याबद्दल असं कोणी कधी बोललं नाही.

तुमसरच्या त्या राइस मिलमध्ये तुम्ही मिस्त्री होतात. दिवाळी झाली, नवीन धान आलं की फाटकाबाहेर बैलबंड्यांची रांग लागायची आणि तुम्हाला जेवायलाही घरी यायला फुरसत नसायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की माय आम्हा दोघींच्या हातात तुमचा डबा द्यायची. मी बारा वर्षांची, वर्गात पहिली. ती नऊची, एकदा नापास झालेली. जेवून हात धुतले की तुम्ही खिळ्यावरची सागाची दांडी काढता. असेल दीड वीत लांब. एक टोक बेअरिंगच्या डब्यावर, दुसरं दातात, बोटं कानात. एवढ्या गोंगाटात कान काय कामाचे, आवाज हाडानं ऐकायचा, असं तुमचं म्हणणं. मला मात्र पोत्यावर बसवता. "तू पुस्तक वाच. तुह्ये हात काळे नको करू." आणि तिचे झाले तर चालतात? तिला तुम्ही हाक मारता, तुमच्या तोंडातली दांडी तिच्या तोंडात देता, आणि ती मान हलवते. मी मांडीवर धडा उघडा ठेवून तुम्हा दोघांच्या पाठी बघत बसते. जळत होते मी, बाबा. दुसरा शब्द नाही त्याला.

एका शनिवारी तुम्ही शेठजींकडे गेला होतात आणि यंत्रातून टक् टक् आवाज यायला लागला. मी दांडी काढली, लावली, आणि तुम्ही येताच सांगितलं, "बाबा, बेअरिंग गेलं." तुम्ही उलट एक शब्द विचारला नाही. पहिल्या नंबरची पोरगी, ती कशाला खोटं सांगेल? मिल थांबवली, बेअरिंग उघडलं. दुपार गेली. बाहेर बंडीवाले बोंब मारायला लागले, शेठजी दोनदा येऊन गेले. बेअरिंग तर अगदी चांगलं, ग्रीसनं भरलेलं. परत बसवून इंजिन सुरू केलं, तर टक् टक् आहेच. मग तिनं दांडी दातात धरली. बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, "बेअरिंग नोहे बाबा. बेअरिंगचा आवाज हर फेऱ्याले येते. हा दम खाऊन येऊन राहिला. पट्ट्याचा असन." इंजिनावरून यंत्र फिरवणारा पट्टा पाहिला तर जोडाची शिलाई उसवलेली. लांब पट्टा, त्यामुळे तो जोड चाकावर उशिरा उशिरा यायचा आणि आपटायचा. तुम्ही ग्रीसच्या हातानंच तिचं डोकं कुरवाळलं. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "तू पुस्तकच वाच, बाई." रागावला असतात तर मी रडून मोकळी झाले असते. पुढे कॉलेजात आवर्तनाचं गणित शिकले तेव्हा मला तो पट्टा समजला, आणि वर्गात बसल्या बसल्या मला तिचा नव्यानं राग आला.

मी मॅट्रिकला शाळेत पहिली आले तेव्हा तुम्ही नागपूरहून शाईचा पेन मागवलात. त्याच संध्याकाळी, तिला वाईट वाटू नये म्हणून, ती दांडी तिच्या हातात ठेवलीत. "हे आता तुह्यी." आल्यागेल्यानं माझ्या पेनाचं कौतुक केलं. तिनं तर दोनदा हातात घेऊन पाहिला. मला तो पेन नको होता, बाबा. त्याच पेनानं हे लिहिते आहे, पण नको होता.

तुम्ही गेलात त्या दिवशी तिला चार बायांनी धरलं होतं. दांडी देवाच्या फळीवर होती. मी ती उचलून माझ्या पिशवीत घातली. तिसऱ्या दिवशी ती घरभर शोधायला लागली, तेव्हा मी सांगितलं, "बाबासोबत चितेवर ठेवली. त्यायचीच होती ना." ती म्हणाली, "बरं केलं ताई. तिकडंबी काही बिघडलं तं बाबाले लागन." त्यानंतर इतक्या वर्षांत तिनं विषय काढला नव्हता. काल मोटर बंद करताना सहज म्हणाली, "लोखंड लय बोलते ताई. आपली दांडी नेमकं सांगे."

घरी आल्यावर लुगड्यांखालून दांडी काढली. दोघांचे दात उमटलेत तिच्यावर, तुमचे रुंद आणि तिचे बारीक. माझे कुठेच नाहीत. त्या शनिवारीही मी ती दातात धरली नव्हती. तुमच्या उष्ट्याची किळस आली म्हणून नुसती कानाला टेकवली, काही कळलं नाही, आणि बेअरिंग म्हणून मोकळी झाले, कारण यंत्रातला तेवढाच शब्द मला येत होता. आज सकाळी पाण्याची मोटर चालू केली आणि पहिल्यांदा दांडी दातात धरली. आवाज आला. अख्ख्या डोक्यात भरला. पण तो काय सांगतो आहे ते मला समजलं नाही, आणि ते ज्याला विचारावं असं माणूस आता एकच उरलं आहे. हे पत्र टाकायचं तर पाकिटावर लाखनीचा पत्ता लिहावा लागेल. मी पाकीट आणलेलंच नाही.