पहिल्या आंघोळीचं पाणी

प्रिय अश्लेषा,

पाकीट पाहून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. हाताचं प्लास्टर निघालं, पायावर भाजल्याची खूण आता नुसती तांबूस उरली आहे. फोन असताना पत्र काहून, असं विचारशील. फोनवर तू "हो आई, हो आई" करत मधेच मीटिंगला जातेस, आणि घरच्या ग्रुपवर मी काही लिहिलं की तुझ्याआधी तुझ्या भावाचं, पियूषचं, उत्तर येऊन पडतं. पत्रात मला मधेच कोणी तोडू शकत नाही. तेव्हा चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

पहिली बातमी ही, की मी पियूषकडे बंगळुरूला जाणार नाही. पियूषनं माझं तिकीट काढलं आहे, मानेवाड्याचं हे घर भाड्यानं द्यायला माणूस पाहून ठेवला आहे, आणि येत्या रविवारी संध्याकाळी आपल्या तिघांचा व्हिडिओ कॉल ठेवला आहे, सगळं पक्कं करायला. त्याचं पक्कं झालेलं आहे. माझंही झालेलं आहे. दोन्ही एक नाहीत, एवढंच.

मी पडले हे तुम्हाला माहीत आहे, पण कशानं पडले हे तुम्ही दोघांनीही नीट विचारलं नाही. वय झालं म्हणालात आणि मोकळे झालात. तर ऐक. आपल्या सोलरचं गरम पाणी बाथरूमच्या नळाला यायला फार वेळ लागतो. रात्रभर पाइपात गार झालेलं पाणी आधी बाहेर निघावं लागतं, मग टाकीतलं गरम पाणी त्याच्या मागून येतं. ते गार पाणी मोरीत सोडून द्यायला माझा जीव होत नाही, उन्हाळ्यात टँकरमागे बादल्या घेऊन धावलेली बाई आहे मी. म्हणून ते बादलीत धरायचं आणि झाडांना घालायचं. पण त्या सकाळी थंडी अशी होती की बोटं वाकत नव्हती. नळाशी उभं राहवेना, म्हणून गॅसवर गंजभर पाणी तापवलं आणि ते जड पातेलं उचलून बाथरूमकडे निघाले. वाटेत आदल्या दिवशीची गार पाण्याची बादली तशीच होती. पाय अडकला, मी आडवी झाले आणि गंज पायावर उलटला. यात वय कुठे आलं, सांग बरं? तिथे तू असतीस तर तूही पडली असतीस.

धंतोलीच्या दवाखान्यात पियूष रात्रीच्या विमानानं येऊन पोहोचला, मागून पुण्याहून तू. पोरानं काही कमी केलं नाही, खोटं कशाला बोलू. मला भरवलं, माझे केस विंचरले, औषधांसाठी दहा दुकानं पालथी घातली. डॉक्टर म्हणाले होते की महिनाभर सोबतीला कोणी असू द्या. पियूषनं त्याचा अर्थ लावला, आई आता एकटी राहणार नाही. माझ्या खाटेच्या या बाजूला तो, त्या बाजूला तू, आणि मधे मी जागी. तो तुला सगळा बेत सांगत होता आणि तू माझ्या पायावरची चादर सारखी करत होतीस. ती आधीच सारखी होती. तू काही बोलली नाहीस.

त्याच्याकडे बटण दाबलं की गरम पाणी येतं, असं तो मला समजावतो. खरं आहे, मी दोनदा राहून आले आहे. तिथे पाणी लगेच येतं, बाकी सगळ्यासाठी थांबावं लागतं. लिफ्टसाठी, कोणीतरी बाहेर नेईल म्हणून, संध्याकाळी कोणीतरी माझ्याशी दोन शब्द बोलेल म्हणून. भाजी चिरायला घेतली तर स्वयंपाकाची बाई माझ्या हातून सुरी काढून घेते. इथे दुपारी शिवण शिकायला मुली येतात, एकीची ब्लाउजची कटोरी चुकते, दुसरीची बाही उलटी लागते, मी ओरडते, त्या हसतात, आणि मग आम्ही चिवडा खातो. संध्याकाळी गेट लावायचं की उघडं ठेवायचं, ते मी ठरवते. एवढ्यासाठी मी इथे राहते. तुम्हाला हे थोडं वाटत असेल, मला नाही वाटत.

तर प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून बसले असताना मी विचार केला, की ज्यानं मला पाडलं ते आधी दुरुस्त करू, मग पाहू कोण मला नेतो. नळवाल्या रामाजीला बोलावलं. तो म्हणाला, काकू, गीझर बसवा, कटकट मिटते. पियूषचंही तेच म्हणणं. मी म्हटलं, वर टाकीत पाणी कढत आहे, ते खाली येत नाही, तर ते कोणत्या वाटेनं येतं ते पाहा ना, दुसरं यंत्र कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळी, याच गल्लीत राहणाऱ्या शिवणाच्या श्वेताला बाथरूममध्ये नळ उघडून उभं केलं, आणि मी चांगला हात पाइपावर ठेवून बाहेरून चालायला लागले. पाइप जसजसा कोमट होई तसतशी मी पुढे सरके. पुढच्या भिंतीवरून खाली, तुळशीमागून, उन्हाचं तोंड न पाहणाऱ्या त्या बोळीतून, स्वयंपाकघराच्या खिडकीखालून, मागच्या मोरीला वळसा घालून बाथरूम. पाणी आणि मी एकाच वेळी पोहोचलो. लंगडत चालणाऱ्या बाईइतकाच त्या पाण्याचा वेग, कारण पाइपही चांगला जाडजूड. जास्त पाणी यावं म्हणून तुझ्या बाबांनी मुद्दाम जाड घेतला होता. जाड पाइपात गार पाणीही जास्तच मावतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आणि तिथे मोरीशी उभी असताना मला आठवलं, की हा पाइप एवढा का हिंडतो. सोलर बसलं तेव्हा तू शाळेत होतीस. टाकी गच्चीवर पुढे, बाथरूम मागे, आणि मधे देवघर. पाइप सरळ आणायचा तर देवघराच्या भिंतीतून आणावा लागत होता. तुझे आजोबा, चंपतराव, म्हणजे आपला शब्द खाली पडू न देणारा माणूस. न्हाणीचं पाणी देवाच्या डोक्यावरून जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. झालं. पाइपानं अख्ख्या घराला प्रदक्षिणा घातली.

आता आपल्या घरची रीत आठव. सुनेनं सगळ्यांच्या आधी आंघोळ करायची, त्याशिवाय देवाचं पाणी भरायचं नाही आणि ओट्याला हात लावायचा नाही. म्हणजे त्या लांबलचक पाइपातलं रात्रभराचं गार पाणी रोज माझ्या अंगावर, थांबायला सवड कुठली. मी बाहेर येईपर्यंत नळाला गरम पाणी लागलेलं असायचं. मग आजोबा, मग तुझे बाबा, मग तुम्ही दोघं. पाहुणे आले की तुझे बाबा हौसेनं त्यांना बाथरूमपर्यंत नेत आणि नळ उघडून दाखवत, की पाहा, आमच्याकडे गरम पाण्यासाठी थांबावं लागत नाही. खोटं बोलत नव्हते ते. त्यांना खरंच कधी थांबावं लागलं नाही. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी असायची आणि मलाही ते खरंच वाटायचं. गार पाणी हा माझा स्वभाव आहे, असं घरात सगळे म्हणत. आई काटक आहे, म्हणत. तुझे बाबा देवमाणूस होते, असं मी गेली कित्येक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि ते होतेही. पण त्यांचा मला राग आहे, अश्लेषा. थोडा आहे, पण आहे.

मग मी रामाजीला सांगितलं, पाइप सरळ आण. बारीक घे, वरून काळा फोम गुंडाळ, आणि देवघराच्या भिंतीतून काढ. त्यानं कानाला हात लावले. "काकू, त्या भिंतीले मी हात नाही लावत." बरोबर होतं त्याचं, देव होते तिथे. म्हणून मी आंघोळ केली, हो, गारच, आणि एकेक करून देव बाहेरच्या खोलीत आणले. शिलाई मशीनच्या बाजूला, पूर्वेच्या खिडकीत. नवा पाट मांडला, पूजा केली, गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. शेजारच्या सुभद्राबाई फाटकातूनच ओरडल्या, की असं करून राहिली का वं रुख्मिणी, इतक्या वर्षांची जागा हलवते का कोणी. मी म्हटलं, देवांना त्या कोंदट खोलीत दिवसा दिवा लावावा लागत होता, इथे त्यांना सकाळचं ऊन मिळतं, त्यांची तक्रार नाही, तुमची काहून? मग आत जाऊन रामाजीला म्हटलं, "आता ही नुसती भिंत आहे. फोडा."

त्याच दुपारी पियूषचा फोन आला. सुभद्राबाईंनीच कळवलं असणार. तो चिडला की त्याची नागपूरची बोली कशी बाहेर येते, तुला ठाऊक आहे. "आई, भाडेकरू येऊन राहिला अन् तू भिंत काहून फोडली?" मी म्हटलं, "काहून की मी इथंच राहून राहिली." मग त्यानं विचारलं, जेवलीस का. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ उघडला. मग स्टूल ओढलं, टॉवेल टांगला, आणि हात पाण्याखाली धरला तर पाणी गरम. एवढ्यात. बादली धरायला वेळच मिळाला नाही. मी घरातली पहिली आंघोळ करत होते आणि पाणी गरम होतं. मी स्टुलावर बसून रडले. आनंदानं नाही गं, रागानं. एका दिवसाचं काम होतं हे. एका दिवसाचं! आणि माझी सगळी सूनपणाची वर्षं त्या बोळीतून हिंडत गेली. मग डोळे पुसले आणि चांगली हव्या तितक्या बादल्या ओतून आंघोळ केली. आता वाटेत बादली नाही, हातात गंज नाही. बाथरूमच्या भिंतीला धरायचा दांडाही लावून घेतला आहे. श्वेता रोज सकाळी येता-जाता हाक मारते. डॉक्टरांनी सांगितलेला महिनाही होऊन गेला. मला न्यायला आता कोणाकडे काही कारण उरलेलं नाही.

आता हे पत्र काहून लिहिलं ते सांगते. मला तुझी परवानगी नको आणि पियूषचीही नको. घर तुझ्या बाबांनी माझ्या नावावर केलं आहे आणि रविवारी मी तोंडावर नाही म्हणणार आहे. तू सुट्टी काढू नकोस, पैसे पाठवू नकोस, मला पुण्याला बोलावू नकोस. फक्त पियूष जेव्हा विचारेल, की मग सगळ्यांचं ठरलं ना, तेव्हा मान हलवू नकोस आणि खाली बघू नकोस. माझ्या आधी, मोठ्यानं म्हण, की आई कुठेही जाणार नाही. या घरात इतकी माणसं रोज माझ्यामागून गरम पाण्यानं न्हाली, पण हिला पाणी गार लागत असेल, असं एकानंही कधी म्हटलं नाही. मी त्याची वाटही पाहिली नाही, मला ते मागायचं असतं हेच माहीत नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून मागते आहे. तू गप्प राहिलीस तरी मी जिंकणारच आहे, बाळा. पण माझ्या बाजूनं कोणी बोललेलं मला एकदा, जिवंतपणी, माझ्या कानांनी ऐकायचं आहे.

तुझीच,
मानेवाड्यातच राहणारी
आई