आठाचा फरक

मी, दामाजी काळुराम म्हात्रे, वय ५८, राहणार डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर हसतमुख आहेत, पण मी स्वतः दुरुस्तीवाला. मशीन उघडल्यावर काय काय निघते ते मला ठाऊक आहे.

१) राहते घर व बँकेतील ठेव पत्नी सरस्वतीची. त्यात कोणी भागीदार नाही.

२) मेहुणा गुणाजी याने १९८१ साली ऐकायला नेलेला रेडिओ त्याला दिलेला नाही. तो परत आणावा. चालत नसला तरी आणावा.

३) वागळे इस्टेटमधला गाळा व हत्यारे मुलगा मोरेश्वर ऊर्फ मोरू यास, पण एका अटीवर. अट कळण्यासाठी पुढचे वाचावे.

हातात धरायच्या कम्प्युटरची मेमरी दुरुस्त करणे हा माझा धंदा. नोंदी काडेपेटीएवढ्या मॉड्यूलमध्ये राहतात. शेवटच्या खान्यात मशीन सगळ्या आकड्यांची बेरीज ठेवते, आणि मॉड्यूल पुन्हा लावले की ती ताडून पाहते. जुळली नाही तर दोनदा टिट् वाजते. पलीकडच्या खोलीतूनही तो आवाज मी ओळखतो.

मे १९९२ मध्ये औषधांच्या एका कोल्ड स्टोरेजचे मॉड्यूल आले. दोनदा टिट्. फरक बरोबर आठाचा. ऊन लागले की आकडे बदलतात म्हणून चिपच्या काचेवर मीच लावलेली कागदी पट्टी सुटून आत ऊन गेले होते, आणि उन्हाने एका नोंदीतल्या ४ अंशांचे १२ केले होते. आजूबाजूला सगळे चारच. मला ते दिसले. पण त्या कंपनीचे साहेब फोनवर म्हणाले, "दामाशेठ, तो आवाज बंद करा आणि संध्याकाळपर्यंत पाठवा." मी नोंदी तशाच नव्या मॉड्यूलवर उतरवल्या आणि बेरीज चुकीच्या आकड्याला जुळवून दिली. मशीन गप्प बसले.

त्या बारा अंशांवरून दार उघडे टाकल्याचा ठपका ठेवून तिथला कामगार जगन केणे याला काढून टाकले. तो गाळ्यावर आला होता. म्हणाला, "शेठ, दार बंद होतं. माझ्या हातानं लावलेलं." मी त्याला चहा पाजला आणि तोंड उघडले नाही. आज तो शीळफाट्याला ट्रक भरतो.

१८ एप्रिलला ठाण्याच्या कामगार न्यायालयात त्याची तारीख आहे. मोरूने मी जपून ठेवलेले मूळ मॉड्यूल न्यायाधीशांसमोर मशीनला लावावे, दोन्ही टिट् वाजू द्यावेत, आणि बापाने काय केले ते आपल्या तोंडाने सांगावे. मी जगलो तर मीच सांगेन. मोरू गेला नाही, तर गाळा जगनचा.

४) परवा मी घरात हे सांगितल्यावर रात्री स्वयंपाकघरात मोरू म्हणाला, "आई, तो तुकडा मी खाडीत टाकतो. ती कंपनी आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे." सरस्वती म्हणाली, "हळू बोल रे, जागे असतील." जागा होतो. कपाटातले मॉड्यूल कोरे आहे, खुशाल टाक. खरे मॉड्यूल वकील भागीरथीबाई वैद्य यांच्याकडे पोहोच घेऊन दिले आहे.

५) मोरू, आज सकाळी त्या कंपनीला मी सगळे सहीनिशी लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवले. गिऱ्हाईक गेले. आता गप्प राहून वाचवण्यासारखे तुझ्याकडे काही उरलेले नाही. तारखेला वेळेवर जा.

वरील मजकूर मी वाचून, साक्षीदारांसमोर सही केली.

दामाजी काळुराम म्हात्रे

साक्षीदार:
१. भिवा ठाकूर, शेजारी (सही)
२. ठमाबाई पाटील, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

डोंबिवली, ५ मार्च १९९४