होलुबेकांचा विस्तव

होलुबेक मीट मार्केट, टेक्सस
२६ ऑक्टोबर

प्रिय क्लेमेंट भावोजींना,

यशोधरावहिनीचे आशीर्वाद. तुम्ही माझ्याहून जेमतेम दोन महिन्यांनी लहान. पण नात्याने मिळालेला अधिकार मी कधी वाया घालवत नाही. मी बरी आहे. गुडघे संस्कृत व्याकरणासारखे झालेत, नियमापेक्षा अपवादच जास्त.

मे महिन्यात तुम्हाला दोन पत्रं पाठवली. दोन्ही ‘येथे राहत नाहीत’ असा शिक्का घेऊन परत आली. म्हणजे हे तुम्हाला इथेच कळतंय. तुमचा भाऊ एर्विन गेला. बारा मे, भर दुपारी, भट्टीपाशी, हातात फावडं. दारापर्यंत रांग होती. कुणीही रांग सोडली नाही, सगळ्यांनी फक्त टोप्या काढल्या. असं पत्रातून सांगू नये, पण तुम्ही दुसरी सोय ठेवली नाहीत.

धंदा चांगला चाललाय. जरा जास्तच चांगला. म्हाताऱ्या काल्लिनाबाई परवा खाकी कागदावरची ब्रिस्केट, धुरावर भाजलेलं छातीचं मांस, बोटांनी चाटूनपुसून खात म्हणाल्या, “पोरी, तुझ्या हाताला नवऱ्याची चव आली गं! मिरीसुद्धा तश्शीच, नाकातून पाणी काढणारी.”

मी हसले. मिरी मी मेपासून निम्मी केली आहे.

आता मुद्द्यावर येते. तुमचे पणजोबा फ्रान्टिसेक खाटीक. शनिवारी न खपलेलं मांस ते धुरावर भाजून कापूस वेचणाऱ्यांना विकायचे. त्यांनी १९११ साली पेटवलेली भट्टी कधी विझली नाही. थकलेला होलुबेक फावडंभर निखारे पुढच्या होलुबेकापुढे धरतो, “धर” म्हणतो आणि मोकळा होतो. हातातून हातात, जमिनीवर टेकवायचं नाही. संस्कृत पाठशाळेतून मी थेट तुमच्या धुरात आले, तेव्हा हे बघून म्हणाले होते, “अगं बाई, हे तर अग्निहोत्री निघाले! फक्त आहुती फार मोठ्या.”

नऊ वर्षांपूर्वी एर्विनने फावडं तुमच्यापुढे धरलं. तुम्ही म्हणालात, “आधी गॅसची भट्टी आण, मग धरतो.” तो म्हणाला, “गॅसवर शिजवायचं तर इस्पितळ काढ!” तुम्ही हात खिशात घालून निघून गेलात. पुढचं तुम्ही पाहिलं नाहीत. निखारे काळे पडेपर्यंत तो तसाच उभा होता, फावडं पुढे करून.

मग आता माझं ऐका. दफन करून आले आणि मी भट्टीत पाणी ओतलं. अकरा बादल्या. आमच्याकडे यजमान गेला की त्याचा अग्नी त्याच्याबरोबर जातो, एवढंच मी शिकले होते. एकशे काही वर्षांचा विस्तव तुमच्या घरच्या कुणाला न विचारता विझवला. राखेत हात घालून पाहिलं, गार चिखल होता. कुलूप लावलं, किल्ली पदराला.

सकाळी उघडलं तर भट्टी रसरसलेली. राखेवर फावडं ओढल्याच्या रेघा, एर्विनसारखा डावखुरा माणूस ओढतो तशा.

मी पुन्हा पाणी ओतलं नाही. धीर झाला नाही असं आधी लिहिणार होते. खरं म्हणजे मन झालं नाही. ओकच्या लाकडांचा ढीग मी उजवीकडून संपवते, तो डावीकडूनही संपतो. सकाळी मी दोन कप कॉफी नेते. दुसरा तसाच राहतो. फक्त गार होत नाही.

पण हल्ली रेघा वाकड्या यायला लागल्या आहेत. मधेच तुटतात. थकलाय हो तो.

सोमवारी फावडं निखाऱ्यांनी भरलेलं दिसलं, अधांतरी म्हणावं असं, दांडा दाराकडे. मी धरायला गेले आणि तळहात भाजला. दांडा लाकडाचा आहे, भावोजी. म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतं. मी बाजूला झाले, तशी ते हळूच खाली आलं. जमिनीला मात्र टेकलं नाही.

दोन नोव्हेंबरला तुमच्याकडे पितरांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. त्याआधी या. तुम्ही धरलंत की तो जाईल, हे मला कळतं. मग कॉफीही गार होईल. तरी या.

तुमचा पत्ता मला ठाऊक नाही. म्हणून लिहायला बसण्याआधी कोरं पाकीट मांस कापायच्या ठोकळ्यावर ठेवून आले होते, गावभरची खबर ठेवणाऱ्या काल्लिनाबाईंना विचारू म्हणून. आत्ता आणायला गेले, तर त्यावर कोळशाने पत्ता लिहिलेला. ओरेगनमधलं ते गाव मी आज पहिल्यांदा वाचलं. नऊ वर्षं एर्विन मला सांगत होता, “तो कुठे आहे, मला काय माहीत!”

अक्षरांवरून मी शाई फिरवलेली नाही. पाकीट फेकण्याआधी नीट बघा, अक्षर ओळखीचं आहे.

येताना हात खिशाबाहेर ठेवा.

भाजल्या हाताने,
तुमची वहिनी
यशोधरा