पाणिग्रहण आणि छपाईच्या इतर चुका

तीर्थरूप मामांच्या पायांवर दूरच्या भाच्याचं डोकं. (खोलीत दोन खाटा आहेत, त्यामुळे खरोखर वाकायला जागा नाही. मनातल्या मनात वाकलो आहे, तो नमस्कार धरून घ्यावा.) तुमचा खोकला कसा आहे? मामीच्या गुडघ्याला नवा पट्टा नीट बसला का? मी मजेत आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचून झालं की हे वाक्य खोडून टाका.

तुम्हाला वाटेल, पोरानं पुन्हा नोकरी सोडली. तसं नाही, या वेळी नोकरीच मला सोडते आहे. बेकरीतून मी उठलो, गोदामातून उठलो, रंगाऱ्याच्या शिडीवरून तर अर्धी भिंत बाकी असताना उतरलो. पण या धुलाईच्या कारखान्यात मात्र पाय टिकला होता. इथे हॉटेलांच्या चादरी येतात आणि धुऊन, इस्त्री होऊन, घड्या घालून परत जातात. मोठ्या चादरीची घडी एकट्याला होत नाही. दोन टोकं मी धरायची, दोन इथल्या फाटक्या चादरी शिवणाऱ्या रफूवालीने, मग जवळ यायचं, आपली टोकं तिच्या हातात द्यायची, मागे सरायचं आणि पुन्हा जवळ यायचं. आता मामा, दिवसभर असं जवळ-लांब, जवळ-लांब केल्यावर माणसाचं काय होणार ते तुम्हीच सांगा. एकदा जवळ आलो असताना मी विचारलं, "आपलं जमेल का?" ती म्हणाली, "आधी टोकं जुळव." पुढच्या चादरीला म्हणाली, "बाबांसमोर उभं राहून दोन धड वाक्यं बोलता येतील तुला?" (तिचे बाबा म्हणजे आमचे मुकादम. हे विचारायच्या आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं.) आणि त्याच्या पुढच्या चादरीला तिने मला एक जुनं नाटकाचं पुस्तक दिलं. कुठल्याशा हॉटेलच्या उशीच्या अभ्र्यातून आलेलं, कोणी परत न मागितलेलं. म्हणाली, "बाबांना शुद्ध बोलणारा माणूस आवडतो. हे वाच, अवघड शब्द शीक, मग बोल. आणि कोणाला अर्थ विचारत फिरू नकोस, माझं नाव पुढे येईल."

मामा, तुम्ही आयुष्यभर पडद्यामागून नटांना वाक्यं पुरवलीत, तुमची गोष्ट वेगळी. मी शाळेत चौथीपर्यंत बसलो, आणि तेही खिडकीकडे तोंड करून. मला एकेक जोडाक्षर म्हणजे ओली गोधडी उचलण्यासारखं. 'किंकर्तव्यमूढ' हा शब्द पाठ होईपर्यंत मी स्वतःच तसा झालो होतो. मोठ्यानं वाचल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, म्हणून रोज मोठ्यानं वाचायचो, आणि माझा खोलीतला आणि कारखान्यातलाही सोबती भोंगा (घोरण्यावरून पडलेलं नाव) भिंतीकडे तोंड करून शिव्या घालायचा. तरी वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, की हे पुस्तक छापणारा माणूस अतिशय निष्काळजी होता. पानापानावर कंसात 'स्वागत' हा शब्द आहे आणि दर खेपेला त्याचा काना खाल्लेला आहे.

म्हणजे बघा, सेनापती आला की प्रधान म्हणतो, "(स्वगत) आला मेला, आता याचं थोबाड बघावं लागणार. (उघड) यावं सेनापती, आपलीच वाट पाहत होतो." मला फार आवडलं. मोठ्या माणसांत स्वागत असंच करत असणार, आधी मायेची एखादी शिवी (तुम्ही नाही का मला गाढवा म्हणता), मग दार उघडायचं आणि मग आत या म्हणायचं. 'उघड' हे तर कंसात स्वच्छ छापलेलं आहे. तेव्हा परवा एका बड्या हॉटेलचे मॅनेजर तपासणीला आले, त्या वेळी मी काचेच्या दाराशी ताठ उभा राहिलो, खणखणीत आवाजात 'आला मेला, आता याचं थोबाड बघावं लागणार' म्हणालो आणि मग अदबीनं दार उघडलं. त्या माणसानं त्या दिवशी प्रत्येक चादर उजेडाकडे धरून पाहिली आणि निम्म्या परत धुवायला लावल्या. मला वाटलं, बिचाऱ्याचं वाचन कमी असेल.

तिथेच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण पुढच्या अंकात राजपुत्र राजाला म्हणतो, "आपली आज्ञा झाल्यास मी आपल्या कन्येचे पाणिग्रहण करीन," आणि राजाला इतका आनंद होतो की तो त्याला मिठीच मारतो. (इथे पाण्याची वेलांटी चुकली आहे. तोच निष्काळजीपणा.) मी म्हटलं, बघा शुद्ध बोलण्याची किंमत, पेलाभर पाणी मागितलं तर राजा गळ्यात पडतो. आमच्याकडे पिण्याच्या पाण्याचा जार रफूवालीच्या टेबलाशीच असतो. दुपारी मुकादम तिथे टॉवेल बघत उभे होते. ती सुई ओवत होती. मी पुढे झालो आणि म्हणालो, "आपली आज्ञा झाल्यास मी आपल्या कन्येचे पाणिग्रहण करीन."

मुकादम म्हणाले, "काय करशील?"

"पाणिग्रहण. घसा सुकलाय. फार वेळ नाही लागायचा."

"माझ्या मुलीचं?"

मी म्हटलं, "रोज तिच्याकडेच करतो. मी एकटाच नाही, इस्त्रीवाला करतो, भोंगा करतो, जेवणाच्या सुट्टीत तर रांग लागते."

मुकादमांनी मिठी मारली नाही. इस्त्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून खाली बसला, आणि त्या शब्दाचा खरा अर्थ त्यानंच मला नंतर सांगितला, डोळे पुसत पुसत, तुकड्या-तुकड्यानं. तो अजून हसतो आहे, त्यामुळे त्याला दुसरं काही विचारायची सोय राहिलेली नाही. मुकादमांनी महिनाअखेर चालतं व्हायला सांगितलं आहे. तोवर रफूवाली वरच्या मजल्यावर, आणि माझ्या चादरीच्या दुसऱ्या टोकाला भोंगा. तो जवळ आला की मला भडभडून येतं. वर जाता जाता शेवटची चादर मात्र तिनं माझ्याबरोबर घडी केली. मी म्हटलं, बोलायचं ते माझं बोलून झालं, आता तू तरी सांग. टोकं हातात देताना ती हळूच म्हणाली, "माझं उत्तर नाटकाच्या शेवटच्या ओळीत आहे."

धावत खोलीवर आलो. मामा, शेवटचं पानच नाही. माझ्या वाचनाला कंटाळून भोंग्यानं ते फाडलं आणि त्याचे बोळे करून दोन्ही कानांत घातले. आज तो दिवसाचं काम संपवून जादा रात्रपाळीलाही थांबला आहे आणि बोळे त्याच्यासोबत. माझ्या आयुष्याचं उत्तर या घटकेला भोंग्याच्या कानात आहे. तेव्हा मामा, मी शिकण्याचा नाद सोडला. तिकडे माझ्यासाठी काम बघा, जिथे तोंड उघडावं लागणार नाही असं. ट्रंक बांधायला घेतली आहे. मामीला नमस्कार.

तुमचा किंकर्तव्यमूढ भाचा

ता. क. : भोंगा आत्ताच आला. पान उभं फाडलं होतं, अर्धं एका कानात, अर्धं दुसऱ्या. डाव्या कानातला बोळा उलगडला. शेवटची ओळ अशी : 'राजकन्या : (स्वगत) हो.' मामा, हो म्हणाली. कान्याचं काही नाही, तो आपण घालून घेऊ. वरचं सगळं पत्र रद्द समजावं.

आणखी एक ता. क. : उजव्या कानातला बोळा चिमट्यानं काढावा लागला. ओळ संपली नव्हती. पुढे आहे, '(उघड) नाही.' म्हणजे माझं स्वागत आहे, पण दार उघडणार नाही, असा मी अर्थ लावतो. मात्र माझे अर्थ कसे निघतात ते तुम्ही वर वाचलंच आहे. तुमचं आयुष्य पडद्यामागे गेलं, तेव्हा एवढं एकच कळवा, की नाटकात या दोन्हींतलं खरं कुठलं धरतात. कामाचं तूर्त कोणाकडे बोलू नका. ट्रंक बांधून झाली आहे, पण गाठ सैल ठेवली आहे.